दूधबाटली निर्जंतुक करताना : कोणत्या घराला कोणती पद्धत?

बाळ चार-पाच महिन्यांचे होते, आईची रजा संपत येते आणि घरात दूधबाटलीचा विषय निघतो. आजी म्हणतात, पातेल्यात उकळून घेतली की झाले. बारशाला कोणीतरी वाफेवर चालणारे यंत्र भेट दिलेले असते. औषधांच्या दुकानात क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, तर बाजारात निळ्या प्रकाशाच्या पेट्याही आल्या आहेत. यांतील नेमके काय निवडावे, याबाबत नव्या आईवडिलांचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे.

उकळणे, वाफ देणे आणि क्लोरीनच्या द्रावणात बुडवणे या तिन्ही पद्धती योग्य रीतीने वापरल्यास घरगुती गरजेला पुरेशा आहेत. त्यांतील फरक परिणामापेक्षा सोयीचा, खर्चाचा आणि होऊ शकणाऱ्या चुकांचा आहे. त्यामुळे आपल्या घरात रोज, दिवसातून एक-दोनदा, थकलेल्या माणसाच्या हातूनही न चुकता होईल ती पद्धत आपल्यासाठी उत्तम होय. मात्र कोणतीही पद्धत निवडली तरी बाटली घासण्याचे काम टळत नाही. बहुतेक घरांत चूक होते ती नेमकी याच ठिकाणी.

बाटली हवीच का?

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. आईला थेट पाजणे शक्य नसेल, तर काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने किंवा छोट्या कपाने पाजता येते. आपल्या घरांतले चोच असलेले बोंडले हे याच कामाचे साधन. वाटी, कप वा बोंडले यांना अरुंद मान, आटे आणि छिद्रे असलेले निपल नसते. आतला प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो. त्यामुळे साबणाने स्वच्छ करणे सोपे जाते. बाटलीपेक्षा उघडा कप सुरक्षित, असा सल्ला दिला जातो तो याच कारणाने.

भारतात शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांच्या विक्रीचे नियमन करणारा कायदा १९९२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याने दूधबाटल्यांच्या जाहिरातीला मनाई आहे. बाटलीने पाजण्याची आकर्षक जाहिरात आपल्याला दिसत नाही, ती यामुळे. बाटली विकण्यावर मात्र बंदी नाही. कारण काही कुटुंबांची ती खरी गरज असते. आईचे आजारपण, जुळी मुले, दत्तक बाळ, नोकरीवर परतलेली आई, पाळणाघरात राहणारे बाळ अशी कारणे अनेक असू शकतात. अशा वेळी अपराधीपणाची भावना बाळगण्यापेक्षा स्वच्छतेची शिस्त बाळगणे बाळाच्या अधिक हिताचे आहे.

धोका कोठे असतो?

दूध हे बाळाचे अन्न असते, तसेच जंतूंचेही. पिऊन झालेल्या बाटलीच्या तळाशी, मानेच्या आट्यांत आणि निपलच्या टोकाशी दुधाचा पातळ थर राहतो. आपल्या उन्हाळी-पावसाळी हवेत या थरात जंतूंची वाढ काही तासांतच झपाट्याने होते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती पुरती विकसित झालेली नसते. मोठ्या माणसाला एखाद्या दिवसाची पोटदुखी देणारा जंतू बाळाला जुलाब, उलट्या आणि शरीरातील पाणी कमी होण्यापर्यंत नेऊ शकतो. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत अतिसाराची गणना आजही होते.

बाटलीचा आकारही महत्त्वाचा असतो, हे इतिहासाने दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळी जोडलेल्या काचेच्या बाटल्या लोकप्रिय झाल्या होत्या. बाळाला कोणी जवळ न घेताही ते नळीने दूध ओढू शके. पण ती नळी आतून साफ करणे जवळजवळ अशक्य होते. त्यातून इतकी बाळे दगावली, की या बाटल्यांना ‘मारेकरी बाटल्या’ असे नाव पडले. पुढे दोन्ही टोकांना उघडी, होडीच्या आकाराची बाटली आली. पाणी एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने काढता येत असल्याने ती धुणे सोपे झाले. आजही खरेदी करताना हाच निकष लावावा. रुंद तोंडाची, कमीत कमी सुटे भाग असलेली, आत खाचाखोचा नसलेली बाटली घ्यावी. पोटात हवा जाऊ नये म्हणून नळ्या आणि झडपा बसवलेल्या बाटल्या मिळतात. त्या घेतल्यास त्यातील प्रत्येक भाग रोज सुटा करून घासण्याची तयारी ठेवावी.

अलीकडची एक नोंदही बोलकी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१६ मध्ये मुदतीपूर्वी जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. बाळाला आईचेच दूध दिले जात होते. दूध काढण्याच्या पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात कित्येक तास भिजत ठेवून, न घासता नुसते विसळले जात होते. तोच जंतू पंपात आणि घरातील मोरीतही आढळला. भिजत घालणे म्हणजे धुणे, असा समज आपल्याकडेही आहे. साबणाचे कोमट पाणी काही तासांनी जंतूंचेच घर बनते, हे त्यातून लक्षात घ्यावे. पंप वापरणाऱ्या मातांनी या लेखातील सर्व सूचना दुधाच्या संपर्कात येणाऱ्या पंपाच्या भागांनाही लागू कराव्यात.

आधी घासा, मग निर्जंतुक करा

उष्णता, वाफ, क्लोरीन वा किरण यांपैकी काहीही दुधाच्या सुकलेल्या थराखाली नीट पोहोचत नाही. क्लोरीन तर दुधाच्या अंशावरच खर्ची पडते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम स्वतःचे हात साबणाने किमान २० सेकंद धुवावेत.

२. बाळाचे पिणे झाले, की बाटली लगेच गार पाण्याने विसळावी. गरम पाणी प्रथमच घातल्यास दुधातील प्रथिने भांड्याला चिकटतात.

३. बाटली, निपल, कडे, झाकण असे सर्व भाग सुटे करावेत.

४. बाळाच्या वस्तूंसाठी वेगळे ठेवलेले पसरट पातेले घ्यावे. मोरी वा सिंकमध्ये भांडी थेट ठेवू नयेत. तेथे इतर भांड्यांचे आणि कच्च्या मांसमासळीचे पाणी जाते.

५. गरम पाणी आणि भांड्यांचा साधा द्रव साबण घेऊन बाटलीच्या ब्रशने आतून-बाहेरून घासावे. निपलसाठी छोटा ब्रश वापरावा, निपल उलटे करून घासावे आणि छिद्रातून पाणी दाबून पाहावे.

६. वाहत्या स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे.

बाटलीत तांदळाचे दाणे, मीठ किंवा वाळू घालून खुळखुळवण्याची जुनी पद्धत काचेच्या बाटलीपुरती चालून जात असे. प्लास्टिकच्या बाटलीला त्याने सूक्ष्म ओरखडे पडतात आणि त्यांत दुधाचे अंश अडकतात. तारेची घासणीही वापरू नये. ब्रशदेखील वापरानंतर धुऊन उभा सुकवावा आणि बाटल्यांबरोबर अधूनमधून उकळावा. घरकामाला येणाऱ्या मावशींवर हे काम सोपवायचे असेल, तर बाळाच्या वस्तू इतर खरकट्या भांड्यांबरोबर जाणार नाहीत, याची व्यवस्था आधीच लावावी.

पद्धत पहिली : उकळणे

ही सर्वांत जुनी, स्वस्त आणि भरवशाची पद्धत. वीज लागत नाही, वेगळे यंत्र लागत नाही. मोठ्या पातेल्याच्या तळाशी स्वच्छ सुती कापड घालावे, म्हणजे प्लास्टिक तापलेल्या तळाला चिकटत नाही आणि काच आपटत नाही. सर्व भाग पाण्यात पूर्ण बुडाले पाहिजेत. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर तेवढा भाग कोरडा राहतो. काचेची बाटली थंड पाण्यात ठेवून मग पाणी तापवावे. एकदम आधणात टाकल्यास ती तडकते.

वेळ मोजायची ती पाणी खळखळून उकळू लागल्यापासून. किती मिनिटे, याबाबत देशोदेशी थोडा फरक आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ५ मिनिटे सांगितली आहेत, तर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने किमान १० मिनिटे. बाटली उकळण्यास योग्य असल्याची खात्री असेल, तर १० मिनिटांचा नियम पाळणे सोयीचे. झाकण ठेवूनच पाणी गार होऊ द्यावे.

उंचीवरच्या गावी पाणी कमी तापमानाला उकळते, मग जंतू मरतात का, अशी शंका काही वाचकांना येते. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना, तर महाबळेश्वरला सुमारे ९५ ते ९६ अंश सेल्सियसला उकळते. जुलाबाला कारणीभूत होणारे बहुतेक जंतू त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मरतात. मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत दान केलेले दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे ठेवून पाश्चरित केले जाते. त्यामुळे उकळत्या पाण्यातील १० मिनिटे महाबळेश्वरलाही पुरेशी आहेत. काही जिवाणूंचे बीजाणू मात्र उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांच्या नाशासाठी रुग्णालयात दाबाखालील १२१ अंशांची वाफ वापरतात. काटेकोरपणे पाहिल्यास घरातील ‘निर्जंतुकीकरण’ हे पूर्ण निर्जंतुकीकरण नसतेच. पण निरोगी बाळासाठी तेवढे पुरते.

उकळण्याचे तोटे दोन. एक, निपल लवकर झिजतात, चिकट होतात किंवा त्यांना चिरा पडतात. ती वरचेवर ओढून तपासावीत आणि शंका आल्यास फेकून द्यावीत. दुसरा तोटा अधिक गंभीर : गॅसवर ठेवलेले पातेले विसरले जाते. पाणी आटून प्लास्टिक वितळल्याचा अनुभव अनेक घरांना आहे. गजर लावल्याशिवाय शेगडीजवळून हलू नये. घरात रांगणारे किंवा धावणारे मूल असेल, तर गरम पातेले ओट्याच्या कडेला कधीही ठेवू नये.

पद्धत दुसरी : वाफ

विजेवर चालणाऱ्या यंत्रात थोडेसे मोजून पाणी घालायचे, बाटल्या व निपल तोंड खाली करून ठेवायचे आणि झाकण लावून कळ दाबायची. नमुन्यानुसार साधारणतः ५ ते १५ मिनिटांत काम होते आणि यंत्र आपोआप बंद होते. विसरण्याचा धोका नाही, हा याचा मोठा गुण. रात्री दोनदा उठणाऱ्या पालकांना त्याचे मोल अधिक जाणवते. झाकण उघडेपर्यंत आतील वस्तू निर्जंतुक राहतात; किती तास, ते यंत्रासोबतच्या पत्रकात दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे.

आपल्याकडे अडचण येते ती पाण्याची. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यामुळे यंत्राच्या तळाशी क्षारांचा पांढरा-तपकिरी थर बसतो. थर वाढला, की तापण्याचे काम मंदावते आणि यंत्र वेळेआधी बंद पडू शकते. शुद्धीकरण यंत्रातील कमी क्षारांचे पाणी वापरावे आणि ठरावीक दिवसांनी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्याने तळ साफ करावा. एकात एक घुसवलेल्या किंवा तोंड वर करून ठेवलेल्या बाटल्यांत वाफ नीट शिरत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मायक्रोवेव्ह असलेल्या घरांत वाफेचा डबा किंवा खास पिशव्या वापरता येतात. येथेही जंतू मारते ती पाण्याची वाफ. कोरडी बाटली नुसती मायक्रोवेव्हमध्ये फिरवणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. डब्यात सांगितले तेवढे पाणी घालावे, झाकणे व निपल सैल ठेवावीत, धातूचा भाग असलेली बाटली ठेवू नये. डबा उघडताना वाफेने हात भाजतो. काही मिनिटे थांबून, झाकण आपल्यापासून दूर कलवून उघडावे.

यंत्र नसेल, तर घरातले मोदकपात्र किंवा इडलीपात्रही उपयोगी पडते. तत्त्व तेच : तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर पालथ्या बाटल्या आणि घट्ट झाकण. भरपूर वाफ सुटू लागल्यापासून १० मिनिटे धरावीत. भांड्याला तेलाचा वा मसाल्याचा अंश नको; शक्य झाल्यास ते बाळापुरते वेगळेच ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये शिट्टी लावून बाटल्या ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. आतील तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि उकळत्या पाण्यासाठी बनवलेल्या बाटल्या व निपल त्याने वेडेवाकडे होऊ शकतात.

पद्धत तिसरी : क्लोरीनचे द्रावण

प्रवासात, गॅस व वीज यांची शाश्वती नसलेल्या ठिकाणी किंवा उकळण्याने लवकर खराब होणाऱ्या वस्तूंसाठी ही पद्धत उपयोगी आहे. बाळाच्या बाटल्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या किंवा द्रव पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून त्यात वस्तू बुडवून ठेवतात. सर्वसाधारण नियम असा, की वस्तू किमान ३० मिनिटे पूर्ण बुडालेल्या असाव्यात, आत हवेचे बुडबुडे नसावेत आणि द्रावण दर २४ तासांनी बदलावे. वस्तू वर तरंगू नयेत म्हणून त्यांवर जाळी किंवा छोटे झाकण ठेवतात.

योग्य प्रमाणातील द्रावणातून काढलेली बाटली नुसती झटकून वापरता येते. वास नकोसा वाटत असेल, तर उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावी. नळाच्या पाण्याने विसळल्यास सगळे श्रम वाया जातात.

कपड्यांसाठीचा ब्लीच, फरशीचा द्रव किंवा पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचे थेंब अंदाजाने वापरणे मात्र धोक्याचे आहे. त्यांतील क्लोरीनचे प्रमाण वेगवेगळे असते आणि काहींत सुगंधी द्रव्ये व साबणही असतो. क्लोरीनच्या द्रावणात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. या द्रावणाने धातू गंजतो, म्हणून स्टीलच्या बाटलीसाठी ही पद्धत नाही. गोळ्या मोठ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवाव्यात.

किरणांची पेटी आणि डिशवॉशर

अतिनील किरण जंतू मारतात, यात शंका नाही. पण ते जेथे थेट पडतात तेथेच. बाटलीची मान, आटे, निपलची आतली बाजू येथे सावली राहिली, तर तेथील जंतूही राहतात. दुधाचा पुसट थरही त्यांना आडोसा देतो. किंमत जास्त आणि खात्री तुलनेने कमी, असे या पेटीचे आजचे स्वरूप आहे. निर्जंतुक केलेल्या बाटल्या कोरड्या व झाकलेल्या ठेवण्यासाठी ती वापरता येईल. केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नाही.

ज्यांच्याकडे भांडी धुण्याचे यंत्र आहे, त्यांनी गरम पाण्याचा आणि गरम हवेने सुकवण्याचा पर्याय निवडल्यास थोड्या मोठ्या, निरोगी बाळासाठी तेवढे पुरेसे मानले जाते. निपलसारखे लहान भाग बंद जाळीच्या टोपलीत ठेवावेत.

बाटली कशाची, त्यावरही अवलंबून

काच उकळते, वाफ व क्लोरीन सोसते, ओरखडत नाही. पण जड आहे आणि फुटते. स्टील टिकाऊ आहे. मात्र मायक्रोवेव्ह आणि क्लोरीन तिला वर्ज्य. बाजारातील बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यांच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. पूर्वी वापरात असलेल्या पॉलिकार्बोनेटच्या टणक, पारदर्शक बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हे रसायन दुधात उतरते, विशेषतः गरम केल्यावर, असे आढळले. युरोपीय संघाने २०११ मध्ये अशा बाटल्यांवर बंदी घातली. भारतीय मानक ब्युरोनेही २०१५ मधील मानकात दूधबाटलीसाठी पॉलिकार्बोनेट वर्ज्य ठरवले. म्हणून रस्त्यावरची विनाखूण बाटली किंवा घरात कोणीतरी जपून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये. मानकचिन्ह पाहूनच खरेदी करावी.

पॉलिप्रॉपिलीनबाबतही एक सावधगिरीची सूचना आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की या बाटल्यांत गरम पाणी घालून हलवल्यास प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण मोठ्या संख्येने पाण्यात मिसळतात; तापमान वाढले की कणही वाढतात. या कणांचा बाळाच्या प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्या भीतीने निर्जंतुकीकरण सोडणे मात्र चुकीचे ठरेल, कारण जंतूंचा धोका सिद्ध झालेला आहे. संशोधकांनी सुचवलेला उपाय सोपा आहे. निर्जंतुक केलेली बाटली गार होऊ द्यावी, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने ती तीनदा विसळावी, आणि पावडरचे दूधही निर्जंतुक केलेल्या काचेच्या वा स्टीलच्या भांड्यात तयार करून, कोमट झाल्यावर बाटलीत ओतावे.

निर्जंतुक झाल्यानंतरची काळजी

उकळून काढलेली बाटली पदराने किंवा ओट्यावरच्या फडक्याने पुसली, की पुन्हा सुरुवातीपासून सर्व करावे लागते. वस्तू काढण्यासाठी त्याच पाण्यात उकळलेला चिमटा वापरावा. निपल टोकाला न धरता कडेने धरावे. बाटली लगेच लागणार नसेल, तर ती पूर्ण जोडून, झाकण लावून स्वच्छ जागी ठेवावी, म्हणजे आतला भाग आणि निपल सुरक्षित राहतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरली न गेल्यास पुन्हा निर्जंतुक करावी.

बाटली कितीही निर्जंतुक असली, तरी दुधाची पावडर निर्जंतुक नसते, ही गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू बंद डब्यातील कोरड्या पावडरमध्येही आढळले आहेत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावडर किमान ७० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात मिसळावी. लिटरभर पाणी उकळून, झाकून, अर्ध्या तासाच्या आत वापरल्यास हे साधते. पाणी थोडे असेल तर ते लवकर निवते, म्हणून थांबण्याचा वेळही कमी करावा. शुद्धीकरण यंत्राचे पाणीही उकळूनच घ्यावे. दूध तयार झाल्यावर भांडे गार पाण्यात धरून निववावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूस थेंब टाकून पाहावा. तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे; बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध तासाभरानंतर टाकून द्यावे. दूध वाया जाते म्हणून हळहळणाऱ्या घरातील ज्येष्ठांना याचे कारण समजावून सांगावे.

आईचे काढलेले दूध मात्र उकळू नये. ते गरम पाण्याच्या वाटीत भांडे ठेवून कोमट करावे. कोणतेही दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. ते असमान तापते आणि बाटली कोमट लागत असतानाच बाळाची जीभ भाजू शकते.

किती महिने करावे?

ब्रिटनमध्ये बाळ वर्षाचे होईपर्यंत निर्जंतुकीकरणाचा सल्ला दिला जातो. अमेरिकेत दोन महिन्यांखालील, मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी ते रोज करण्यावर भर आहे. मोठ्या, निरोगी बाळासाठी वापरानंतर नीट धुणे पुरेसे मानतात. आपल्याकडील पाणी, पावसाळ्यातील माश्या आणि उष्मा लक्षात घेता पहिले वर्षभर ही सवय ठेवणे शहाणपणाचे. मुदतपूर्व किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत आपल्या बालरोगतज्ज्ञांचाच शब्द अखेरचा मानावा.

निवड कशी कराल?

दिवसातून एक-दोनच बाटल्या लागत असतील आणि घरी मोठे माणूस असेल, तर उकळण्याहून वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. जुळी मुले असतील, दिवसाला सात-आठ बाटल्या लागत असतील किंवा दोघेही पालक नोकरी करत असतील, तर वाफेचे यंत्र खर्च वसूल करते. भारनियमनाच्या गावी यंत्र असले तरी पातेल्याची सवय मोडू नये. प्रवासात क्लोरीनच्या गोळ्या हाताशी असाव्यात. बाळ पाळणाघरात जात असेल, तर घरूनच निर्जंतुक, पूर्ण जोडलेल्या बाटल्या मोजून द्याव्यात आणि वापरलेल्या बाटल्या विसळून परत पाठवण्याची विनंती करावी. तेथे त्या पुन्हा वापरल्या जाऊ नयेत.

एवढी काळजी घेऊनही बाळाला वारंवार पातळ जुलाब झाले, ते दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तरीही तसेच करावे.

सुरुवातीला हे सारे फार वाटते. आठवडाभरात मात्र हात आपोआप चालू लागतात. फक्त एक करावे : बाटली धुण्याचा आणि उकळण्याचा क्रम एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. आई, बाबा, आजी, मावशी यांपैकी जो कोणी बाटली हाती घेईल, त्याच्या हातून तेच आणि तसेच व्हायला हवे. कारण बाळ दिवसातून आठ वेळा दूध पिते, आणि त्यांतली एकही वेळ अंदाजावर सोडण्यासारखी नसते.